आईला नेमके कोणते दिवे पाहायचे आहेत?

पत्राचा गोषवारा: नागपूरच्या एका शिक्षिका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या आणि आई अशा दोघीच, भाऊ पुण्याला असतो. आई ६४ वर्षांची. रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणते, दर वर्षी दीक्षाभूमीला जाते, एकदा बुद्धगयेला जाऊन आली आहे. शेजारच्या मुलीने तिला मोबाइलवर थायलंडच्या चियांग माई शहरातली रील दाखवली, ज्यात हजारो कंदील एकाच वेळी आकाशात चढताना दिसतात. तेव्हापासून आई म्हणते, "एकदा हे डोळ्यांनी पाहायचं आहे गं." ताईंनी दोघींसाठी दीड लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. भावाचं म्हणणं, हा धम्म नव्हे, पर्यटकांचा खेळ आहे. तिथे लोक नदीत दिवे सोडून गंगेची क्षमा मागतात, मग बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या घराने तिकडे कशाला जावं? त्यात आईचे गुडघे दुखतात. ताई विचारतात, "जाऊ की नको? गेले तर त्या सोहळ्याचं महागडं तिकीट काढू का? फसगत तर होणार नाही ना?"

जयभीम ताई,

तुमच्या पत्रात पैशांचा हिशेब आहे, भावाचं मत आहे, गुडघ्यांची काळजी आहे. एक गोष्ट मात्र नाही. त्या रीलमध्ये आईला काय भावलं, हे तिला विचारलंत का? कंदील उडत होते ते, की इतकी माणसं बुद्धाच्या नावाने एकत्र दिवे लावत होती ते? उत्तर पहिलं असेल तर एक देश, दुसरं असेल तर दुसरा. आज रात्री जेवताना विचारा. खालचं सगळं मी ते उत्तर माहीत नसताना लिहिते आहे, म्हणून दोन्ही वाटा मांडते.

आधी रीलबद्दल. हजारो कंदील एकाच क्षणी सुटतात ते दृश्य बहुतेक वेळा चियांग माई शहराबाहेरच्या खासगी मैदानावरचं असतं. तिथे खुर्च्यांना क्रमांक असतात, जेवण आणि बसची ने-आण तिकिटातच धरलेली असते आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की सगळे एकदम कंदील सोडतात. सुरुवातीला भिक्खूंचं पालिपठण आणि थोडं ध्यानही होतं, म्हणजे तो निव्वळ तमाशा नाही. पण ती विहारातली संध्याकाळही नाही. तिकीट माणशी चार-पाच हजार बाथपासून पुढे कितीही जातं. एक बाथ अडीच-पावणेतीन रुपयांचा धरला तर दोघींचे निदान वीस ते सत्तावीस हजार एका संध्याकाळीच गेले. जुन्या लेखांत चियांग माईजवळच्या मे जो इथल्या फुकट सोहळ्याचं वर्णन सापडतं. त्या भरवशावर विमानाची तिकिटं काढू नका.

खरा सण या मैदानापेक्षा पुष्कळ मोठा आहे. त्याचं नाव यी पेंग, म्हणजे उत्तर थायलंडच्या लान्ना पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा. आपल्याकडे ती कार्तिक पौर्णिमा, त्रिपुरीची. २०२४ साली ती १५ नोव्हेंबरला होती, २०२५ साली ५ नोव्हेंबरला. त्या दोन-तीन रात्री जुन्या शहरातल्या विहारांत कागदी कंदिलांच्या माळा टांगलेल्या असतात आणि मातीच्या छोट्या पणत्या ओळीने लावतात. त्या पणत्यांना फांग प्रथीप म्हणतात. 'प्रथीप' म्हणजे आपला प्रदीपच. विहारांच्या नि घरांच्या दारांत केळीचे खुंट, ऊस आणि झावळ्या बांधून कमान करतात. ती वेस्संतर राजाच्या वनातल्या आश्रमाची खूण असते, कारण या दिवसांत विहारांत वेस्संतर जातकाची तेरा प्रकरणं वाचली जातात. दान देता देता सगळं देऊन टाकणाऱ्या वेस्संतराची गोष्ट आईला माहीत असेलच. भाषा कळली नाही तरी त्या कमानीखालून जाताना आपण कुठल्या गोष्टीत शिरतो आहोत हे तिला कळेल. आणि यासाठी तिकीट लागत नाही.

आता भावाचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, म्हणून त्याला झटकून टाकू नका. त्याच पौर्णिमेला थायलंडभर लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती ठेवून हा 'क्राथोंग' नदीत सोडतात आणि पाण्याची देवी मे खोंगखा हिची क्षमा मागतात. खोंगखा म्हणजे गंगाच. भाऊ म्हणतो ते याबद्दल. यी पेंगचा भाव वेगळा आहे. सिद्धार्थाने गृहत्याग करून कापलेले केस तावतिंस या देवलोकातल्या चूळामणी चैत्यात आहेत आणि हा उजेड त्या चैत्याला अर्पण होतो, अशी लान्ना लोकांची श्रद्धा. ही कथाही तुमच्या घराला पटणार नाही कदाचित, आणि पटवून घ्यायची गरजही नाही. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावणं तुमच्या घरी रोजचं आहे, तेच तिथे करा. क्राथोंग सोडला नाही म्हणून कुणी अडवत नाही. एका देशातल्या बौद्धांच्या चालीरीती पाहणं म्हणजे त्या स्वीकारणं नव्हे, एवढं भावाला शांतपणे सांगता येईल.

आईचं उत्तर "उडणारे कंदीलच पाहायचे" असं आलं, तर चियांग माईचा बेत असा आखा. पौर्णिमेच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा. विमानतळ शहराला इतका लागून आहे की कंदिलांमुळे त्या रात्रींची बरीच उड्डाणं रद्द होतात किंवा वेळा बदलतात. त्यामुळे त्या दोन संध्याकाळी येणारं किंवा जाणारं विमान घेऊच नका, सकाळचं घ्या. हॉटेल खंदकाच्या आतल्या जुन्या शहरात हवं, शक्यतो था फे दरवाजाच्या बाजूला. रस्ते गाड्यांना बंद झाले की रिक्षासारखी लाल गाडी दारापर्यंत येत नाही आणि आईला दोन किलोमीटर गर्दीतून चालावं लागलं तर पुढचे दोन दिवस पाय धरतील. या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात, तीन-चार महिने आधी पाहून ठेवा. वाट फान ताओ आणि वाट चेदी लुआंग हे विहार एकमेकांना खेटून आहेत. साडेचार-पाचलाच तिथे जाऊन सावलीत जागा धरा, दिवेलागणीला सगळं डोळ्यांसमोर होईल. घडीचं छोटं स्टूल बॅगेत टाका, जमिनीवर बसून उठण्यापेक्षा बरं. एक दिवस काढून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या लांफूनला जा. तिथल्या हरिपुंचाय विहारात लोक नावं नि मनातली गोष्ट लिहून कंदील टांगतात. इतके कंदील एकत्र चियांग माईतही पाहायला मिळत नाहीत, आणि मान वर करून नुसतं फिरायचं असतं. दोई सुथेपच्या विहाराला तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण वर नेणारी तिकिटाची ट्रामही आहे, आईला तीच घ्यायला लावा.

कंदील स्वतः सोडायचा असेल तर त्याची कृती नीट समजून घ्या, कारण पहिल्यांदा सोडणाऱ्यांची चूक ठरलेली असते: घाई. हा कंदील म्हणजे पातळ कागदाची मीटरभर उंचीची पिशवी, खाली बांबूची किंवा तारेची कडी आणि कडीच्या मधोमध मेणात बुडवलेल्या कागदाची गुंडाळी. दोघी-तिघी लागतात. एकीने वरचं टोक धरून पिशवी पूर्ण उघडायची, दुसरीने गुंडाळी पेटवायची. गुंडाळीने सगळीकडून पेट घेतला की कडी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणायची, म्हणजे गरम हवा बाजूने निसटत नाही. मग नुसतं थांबायचं. कागद हळूहळू ताठ होतो, वरचा भाग फुगून गोल होतो आणि मिनिट-दीड मिनिटाने कंदील हाताला वर ओढू लागतो. ही ओढ स्पष्ट लागल्याशिवाय सोडायचा नाही. आधी सोडला की तो आडवा होतो, ज्योत कागदाला लागते आणि पेटता कंदील लोकांच्या डोक्यावर किंवा झाडात उतरतो. वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला पेटवा, वर तारा आणि फांद्या आहेत का ते आधी पाहा. आईला सुती साडी नेसवा, नायलॉन किंवा सिंथेटिक नको, आणि पदर कमरेला घट्ट खोचू द्या. ज्योतीजवळ लोंबणारा पदर हे तिथलं सगळ्यात मोठं संकट आहे. कंदील ठरवून दिलेल्या रात्री, ठरवून दिलेल्या वेळेत आणि जागेतच सोडता येतात. नियम दर वर्षी जाहीर होतात, मोडले तर शिक्षा कडक आहे.

सोडलेला कंदील कुठेतरी पडतो, हेही मनात असू द्या. तारेच्या कड्या शेतांत, कौलांवर, झाडांत सापडतात. २०२० च्या नववर्षाच्या रात्री जर्मनीतल्या क्रेफेल्ड प्राणिसंग्रहालयात अशाच उडत्या कंदिलांनी माकडांचं घर जळालं आणि तीसहून जास्त प्राणी मेले. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: दोघींत एकच कंदील सोडा, तोही बांबूच्या कडीचा, किंवा नुसतं पाहा. आकाश तेवढंच भरलेलं दिसतं. महागडं तिकीट मात्र आईने "तेच दृश्य हवं" असं ठाम सांगितलं तरच काढा, आणि थेट आयोजकांच्या संकेतस्थळावरूनच. समाजमाध्यमांवर कुणी "दोन तिकिटं उरली आहेत" म्हणालं तर पैसे पाठवू नका. वारा-पावसामुळे कंदील सोडले नाहीत तर परतावा मिळतो का, ही अट पैसे भरण्याआधी वाचा.

आणि आईचं उत्तर दुसरं आलं तर? बुद्धाच्या नावाने सगळं गाव उजळलेलं पाहायचं असेल तर ताई, तुमच्यासाठी श्रीलंका आहे. तुमचं पत्र वाचल्यापासून माझं मन तिकडेच झुकतं आहे.

वैशाख पौर्णिमेला तिथे वेसाक असतो, दोन दिवस सार्वजनिक सुटी. घराघरांवर कंदील लागतात, त्यांना वेसाक कूडु म्हणतात. त्यांतला जुना घाट अट-पट्टम, म्हणजे आठ पैलूंचा. बांबूच्या कामट्या तासून सांगाडा बांधायचा, त्यावर रंगीत पातळ कागद खळीने चिकटवायचा, खाली कागदाच्या शेपट्या सोडायच्या. दिवाळीचा आकाशकंदील घरी केलेल्या माणसाला त्यात काही परकं वाटत नाही. आधीच्या दोन-तीन दिवसांत गल्लीगल्लीत मुलं अंगणात बसून हे काम करतात. आई शेजारी बसली तर तिच्या हातात खळीची वाटी द्यायला कुणी मागेपुढे पाहणार नाही. चौकांत दोन-तीन मजली उंच विजेच्या रोषणाईचे देखावे उभे राहतात, मधे जातककथेची चित्रं आणि भोवती हजारो दिवे एका लयीत पेटत-विझत असतात. त्यांना तिथे म्हणतात 'तोरण'. शब्द तोच, आपला. रस्त्याकडेला दानसला, म्हणजे दानशाळा, उघडतात आणि येईल त्याला भात-आमटी, सरबत, आइस्क्रीम फुकट वाढतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भोजनदानाच्या रांगा पाहिलेल्या आईला तिथे पाहुण्यासारखं वाटणारच नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट आवाजाची. पौर्णिमेच्या सकाळी लोक पांढरे कपडे घालून विहारात येतात आणि दिवसभर अष्टशील पाळतात. पठण पालीत. "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" हे तिथे जवळजवळ आईच्याच उच्चारात कानावर पडेल. थायलंडमध्येही पालीच आहे, पण तिथल्या उच्चारांत "बुद्धं सरणं गच्छामि" ओळखायला वेळ लागतो. जिची रोजची सकाळ याच शब्दांनी होते, तिने परदेशात हजार माणसांत बसून तेच शब्द सोबत म्हणावेत, याची बरोबरी कुठल्याच मैदानावरच्या सोहळ्याला येत नाही.

भावालाही इथे बोलायला कमी जागा आहे. पंचरंगी धम्मध्वज, जो तुमच्या विहारावर फडकतो, तो पहिल्यांदा कोलंबोत १८८५ च्या वेसाकला फडकला, कोटहेना भागातल्या दीपदुत्तमाराम विहारात. तो विहार आजही पाहता येतो. आणि १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब स्वतः श्रीलंकेला गेले होते, जागतिक बौद्ध परिषदेसाठी. ती परिषद कँडीच्या दंतधातू मंदिरात सुरू झाली. भावाला सोबत यायला सांगून पाहा.

बेत पाच रात्रींचा पुरे: तीन कोलंबोत, दोन कँडीत. मुंबईहून थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं, म्हणून नागपूर-मुंबई टप्पा आदल्या दिवशी करून मुंबईत मुक्काम ठेवा. दीड लाखात हे दोघींचं साध्या, स्वच्छ हॉटेलात ओढाताण न होता बसावं, चियांग माईला तेवढेच पैसे ताणावे लागतील. कोलंबोत खोली बेरा तलावाजवळ घ्या. गंगारामय विहार आणि तलावातला 'सीमा मालक' विहार चालत जाण्याच्या अंतरावर येतात, सीमा मालकला छोट्या पुलावरून सपाट जाता येतं, गुडघ्यांची परीक्षा नाही. केलनियाचा विहार दहाएक किलोमीटरवर आहे. बुद्ध वैशाख पौर्णिमेलाच तिथे आले होते अशी तिथली श्रद्धा, त्यामुळे गर्दी प्रचंड. सकाळी आठच्या आत जा. नंतर अनवाणी पायांना फरशी चटके देते. दुपारी खोलीवर झोपा आणि कंदील पाहायला सातनंतर निघा. मेमध्ये तिथे दमट उकाडा असतो आणि संध्याकाळी पाऊस येऊ शकतो. छत्री हवीच, आणि एका दिवसाचे कंदील पावसात गेले तर हाताशी दुसरी रात्र हवी, म्हणून पौर्णिमा आणि दुसरा दिवस दोन्ही कोलंबोतच ठेवा. बँका दोन दिवस बंद असतात, पैसे आधी बदलून घ्या. मांस आणि दारूची विक्रीही बंद असते. गाड्या खचाखच भरतात, म्हणून कँडीचा प्रवास सुटी संपल्यावर करा.

दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडची मंडळी यात अडकतात. बुद्धाचं चित्र असलेला टी-शर्ट, ओढणी किंवा अंगावर गोंदलेला बुद्ध श्रीलंकेत अपमान समजला जातो आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. आपण प्रेमानेच घातलेलं असतं, पण तिथे घालू नका. मूर्तीकडे पाठ करून फोटोही काढू नका. दुसरं, आईला मूर्ती आणायची इच्छा होईल. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, गळ्यातल्या छोट्या ताईतांना सूट असते. श्रीलंकेतून जुनी वस्तू तर अजिबात घेऊ नका, नवी घेतली तर पावती जपून ठेवा.

दक्षिण कोरियातल्या सोलचं थोडक्यात. तिथला योनदुंगह्वे हा कंदिलांचा सण २०२० साली युनेस्कोच्या यादीत आला. कमळाच्या आकाराचे कागदी कंदील हातात घेऊन लोक हुंगिनजिमुन दरवाजापासून जोग्येसा विहारापर्यंत चालतात, दुसऱ्या दिवशी विहारासमोर परदेशी पाहुण्यांनाही कंदील करायला बसवतात, सगळं फुकट. फार देखणा सोहळा आहे. पण व्हिसाला बँकेची, आयकराची कागदपत्रं लागतात, विमान महाग आहे आणि तिथली बुद्धजयंती चौथ्या चांद्रमासाच्या आठव्या तिथीला येते, बहुतेक वर्षी आपल्या पौर्णिमेच्या आठवडाभर आधी. मिरवणूक तर तिच्याही आधीच्या शनिवारी निघते. आपल्या कॅलेंडरात पाहून तिकीट काढणारा हमखास चुकतो. दीड लाखात दोघींचं सोल मी सुचवणार नाही.

तारखांचा घोळ इतरत्रही होतो. ज्या वर्षी अधिक मास येतो त्या वर्षी देशादेशांतल्या पौर्णिमा महिनाभराने फाकू शकतात. २०२६ मध्ये आपली बुद्धपौर्णिमा १ मेला, तर थायलंडची विशाखा पूजा ३१ मेला. म्हणून त्या त्या देशाच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत तारीख पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. तुम्ही शिक्षिका आहात, त्या दृष्टीनेही मोजा: वेसाक बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत किंवा तिच्या तोंडाशी येतो, कार्तिक पौर्णिमेपर्यंत दिवाळीची सुटी बरेचदा संपलेली असते.

प्रवेशाच्या कागदांत भारतीयांसाठीचे नियम दोन्ही देशांत बदलत राहतात. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, निघण्याआधी ऑनलाइन काढायचा. थायलंडसाठी पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरायचं, ते फुकट असतं. दोन्हींच्या सरकारी पानांसारखी दिसणारी आणि पैसे उकळणारी पानं शोधात सगळ्यात वर येतात, तिथे कार्ड नंबर टाकू नका.

आईचा पासपोर्ट आहे की नाही, हे पत्रात नाही. नसेल तर सुरुवात तिथूनच. तिच्या पिढीतल्या बायकांचं आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि जन्मतारीख तिसरीच, असं फार आढळतं. आधार, मतदार ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक एकत्र ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. या दुरुस्तीतच कधी कधी दोन महिने जातात, तेव्हा कागद याच आठवड्यात काढा.